आधी भांडं उलटं करा: जुन्या अमेरिकन कुंभारकामाचा नाद

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झेन्सव्हिल नावाचं गाव आहे, कोलंबस शहराहून पूर्वेला गाडीने तासाभराच्या अंतरावर. तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक गोष्ट लगेच लक्षात आली. गिऱ्हाईक फडताळातली फुलदाणी उचलतं, पण तिच्या नक्षीकडे बघतच नाही. आधी ती उलटी करतं आणि बुडाशी काय लिहिलंय ते वाचतं. एका आजोबांनी तर खिशातून भिंग काढलं होतं. मला घरची आठवण झाली. लग्नकार्यात शेजारपाजारची भांडी एकत्र व्हायची आणि नंतर त्या ढिगातून आपली परात शोधताना आईही अशीच एकेक भांडं उलटसुलट करून बघायची. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं आजोबांचं नाव आणि खाली साल. नाव सापडलं की परात आपली.

जुन्या अमेरिकन सिरॅमिकचा नाद ज्यांना लागतो त्यांचं निम्मं सुख या उलटं करून वाचण्यात असतं, असं माझं मत आहे. बाकीचं निम्मं रंगात. बाहेरून बघणाऱ्याला मात्र प्रश्न पडतो की एका मातीच्या फुलदाणीसाठी कुणी शेकडो, कधी हजारो डॉलर का मोजावेत? त्याचं उत्तर द्यायचं तर आधी ही भांडी आली कुठून ते सांगायला हवं.

ओहायोच्या या भागातल्या टेकड्यांखाली भांड्यांना चालणारी उत्तम माती आहे. त्याच टेकड्यांत भट्ट्या पेटवायला कोळसा होता, पुढे नैसर्गिक वायूही मिळाला. माल न्यायला नदी आणि रेल्वे होतीच. माती, जळण आणि रस्ता एका जागी आले की कुंभार तिथे वस्ती करतो, हे जगात सगळीकडे खरं आहे. झेन्सव्हिलला लोक ‘क्ले सिटी’ म्हणत. सुरुवातीला इथे लोणची, खारवलेलं मांस, लोणी ठेवायच्या बरण्या होत. आपल्याकडची वर तपकिरी आणि खाली पांढरट अशी चिनीमातीची बरणी डोळ्यांसमोर आणा, त्याच जातीचा माल.

मग १८७६ साल उजाडलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षं झाली म्हणून फिलाडेल्फियात मोठं प्रदर्शन भरलं आणि त्यात जपानी व फ्रेंच भांडी मांडली होती. ती बघून ओहायोतल्याच सिनसिनाटी शहराच्या काही सुखवस्तू घरांतल्या बायका भारावून गेल्या. तोवर चिनीमातीवर चित्रं काढणं हा त्यांच्याकडे दुपारचा छंद होता. त्यांच्यातल्या मराया लाँगवर्थ निकोल्सने तो छंद राहू दिला नाही. १८८० मध्ये वडिलांनी घेऊन दिलेल्या जुन्या शाळेच्या इमारतीत तिने भट्टी घातली आणि कारखान्याला नाव दिलं रुकवुड. ‘रूक’ ही कावळ्याची एक जात. वडिलांच्या बंगल्याच्या आवारात कावळे फार, म्हणून बंगल्याचं नाव रुकवुड, आणि तेच या कारखान्याला आलं. नऊ वर्षांत, १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात, रुकवुडने सुवर्णपदक मिळवलं. ज्या युरोपकडून अमेरिकन माणूस तोवर ताटल्या विकत घेत होता, त्याच युरोपात. (साधारण याच सुमाराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याच्या नक्षीवरून भांडी घडत होती. हाताने केलेल्या कामाला पुन्हा मान मिळावा, ही हवा तेव्हा जगभरच होती.)

आता रुकवुडची एखादी फुलदाणी उलटी करू. तिथे आर आणि पी ही इंग्रजी अक्षरं पाठीला पाठ लावून उभी दिसतील. ही खूण १८८६ पासूनची. पुढच्या वर्षापासून दर साली या अक्षरांभोवती एक ज्योत वाढवत नेली. १८८७ ला एक ज्योत, १८८८ ला दोन. म्हणजे दहा ज्योती मोजल्या की साल १८९६. १९०० पर्यंत चौदा ज्योती झाल्या आणि नव्याला जागाच उरली नाही. मग १९०१ पासून खाली रोमन आकडे आले. पंधराचा आकडा असेल तर १९१५. त्याच्या शेजारी साच्याचा किंवा घाटाचा क्रमांक, त्यापुढे मापाचं अक्षर (ए म्हणजे सगळ्यांत मोठं), आणि एका कडेला, बारीक ओरखडल्यासारखी, ज्याने ते रंगवलं त्याची आद्याक्षरं. कधी कधी या सगळ्यावर चाकाने घासून काढलेली फुली असते. म्हणजे भट्टीतून निघाल्यावर कारखान्यालाच त्यात काही खोट दिसली आणि ते ‘दुय्यम’ ठरलं.

माझ्या हातात अशी पहिली फुलदाणी आली तेव्हा मी बोटाने ज्योती मोजल्या होत्या. नऊ मोजल्या, पुन्हा मोजल्या तर दहा. १८९६! सव्वाशे वर्षांपूर्वी ओल्या मातीत कुणीतरी तो शिक्का दाबला होता. सही कुणाची हे पुस्तक उघडून शोधता येतं, कारण या कलाकारांच्या सह्यांच्या याद्या उपलब्ध आहेत. त्यांतला एक कातारो शिरायामादानी. जपानहून आलेला हा चित्रकार १८८७ मध्ये रुकवुडमध्ये लागला आणि मध्ये काही वर्षं मायदेशी राहून आला ती सोडली, तर १९४८ मध्ये वारला तोवर तिथेच रंगवत राहिला. त्याची सही जपानी लिपीत, उभी. भांडं उलटं केल्यावर ती उभी रेघ दिसली की संग्राहकाच्या काळजाचा ठोका चुकतो.

रंगाचं प्रकरण थोडं शास्त्राचं आहे, पण अवघड नाही. भांड्यावरची चकाकी, म्हणजे ग्लेझ, ही खरं तर काच असते. वाळूतलं सिलिका, ते लवकर वितळावं म्हणून घातलेला क्षार किंवा शिसं, आणि वितळलेलं खाली ओघळून जाऊ नये म्हणून थोडी माती, असं हे कालवण. कच्चं असताना ते राखाडी किंवा गुलाबी पिठासारखं दिसतं. आत धातूचा चिमूटभर अंश असतो आणि खरा रंग तोच देतो. कोबाल्ट असेल तर निळा, तांबं असेल तर हिरवा, लोखंड असेल तर मधापासून तपकिरीपर्यंत सगळ्या छटा. पण भट्टीत हवा कमी मिळाली तर तेच तांबं लाल होतं. म्हणजे रंगवणाऱ्याला आपला रंग दिसत नाही. तो राखाडी पिठावर राखाडी पीठ लावतो आणि भट्टीवर भरवसा ठेवतो. कारखान्याच्या एकाच साच्यातून निघालेल्या दोन फुलदाण्याही म्हणूनच सारख्या नसतात. एकीच्या खांद्यावर रंग दाट साचलेला, दुसरीच्या कडेवरून पातळ होऊन खालची माती दिसणारी.

चकाकीत अनेकदा केसासारख्या चिरांचं जाळं दिसतं. नवख्याला वाटतं भांडं फुटायला आलंय. तसं नाही. भट्टीतून काढल्यावर माती आणि तिच्यावरची काच दोन्ही आकसतात. काच जास्त आकसली की तिचा अंगरखा खालच्या मातीला पुरत नाही आणि ती तडकते. नव्या भांड्यांजवळ कान नेला तर ते तडकणं ऐकूही येतं, बारीक ‘टिंग… टिंग’. काही घाटांत हे जाळं सर्रास असतं आणि त्याने किंमत फारशी उतरत नाही. आरपार गेलेली चीर मात्र वेगळी. ती ओळखायला माठ घेताना आपण करतो तेच करायचं. भांडं एका तळव्यावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटाने वाजवायचं. खणखणीत आवाज आला तर अखंड. बद्द आवाज आला तर परत ठेवा.

बोस्टनच्या विल्यम ग्रुबीने या चकाकीलाच काट मारली. त्याचा हिरवा रंग काकडीच्या सालीसारखा मंद, हाताला जवळजवळ रेशमी लागणारा. रुकवुडमधून बाहेर पडलेल्या आर्टस व्हॅन ब्रिगलनेही चिनी मिंग काळातल्या अशाच निस्तेज लेपाचा ध्यास घेतला होता. क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसांना कोरडी हवा मिळावी म्हणून तो कोलोरॅडोला गेला, तिथे पत्नी अ‍ॅनसोबत कारखाना काढला आणि १९०४ मध्ये ३५ व्या वर्षी गेला. कारखाना पुढे अ‍ॅनने चालवला.

प्रत्येकालाच असं महागडं, एकेकटं भांडं परवडत नव्हतं, आणि इथेच झेन्सव्हिलचे मोठे कारखाने पुढे आले. वेलर, रोझव्हिल. शेजारच्या गावांतले हल आणि मॅकॉय. त्यांनी साचे केले आणि मध्यमवर्गाच्या घरात फुलदाणी पोचवली. काही अभ्यासक या मालाकडे नाक मुरडतात. मला ते पटत नाही. रोझव्हिलचा ‘पाइन कोन’ हा नमुना घ्या. माझ्याकडचा तपकिरी आहे. पोटावर पाइनच्या झाडाचं बोंड उठावात आलेलं, बाजूने सुयांसारखी हिरवी पानं, आणि कान म्हणजे चक्क वाकलेली डहाळी. साचा असला तरी पानांची हिरवी छटा कुणीतरी ब्रशने लावलेली आहे, आणि एका पानापाशी ब्रश जरा बाहेर गेलाय. ते बाहेर गेलेलं पान मला सगळ्यांत आवडतं. काठाला टवका उडालेला आहे, म्हणून तर ते माझ्या खिशाला परवडलं.

साच्याच्या मालात संग्राहकाला आणखी एक गंमत मिळते. यादी ठरलेली असते. रोझव्हिल १९५४ मध्ये बंद पडलं, वेलर त्याआधी १९४८ मध्ये. महायुद्धानंतर स्वस्त आयात मालापुढे आणि प्लास्टिकपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. म्हणजे आता त्यात नवं काही वाढणार नाही. कोणता नमुना, किती घाट, कोणते रंग हे सगळं छापील यादीत आहे, आणि तुमच्याकडे त्यातलं काय नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं. ज्याने लहानपणी काड्यापेट्यांची चित्रं किंवा पोस्टाची तिकिटं जमवली त्याला ही तहान वेगळी समजावून सांगायला नको. बिस्किटांच्या बरण्या हा तर स्वतंत्र पंथच आहे. चित्रकार अँडी वॉरहॉलच्या मृत्यूनंतर १९८८ मध्ये त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला तेव्हा त्याने जुन्या बाजारातून जमवलेल्या या बरण्याच सुमारे अडीच लाख डॉलरला गेल्या.

फिएस्टा नावाच्या ताटल्या-वाट्यांची गोष्ट थोडी थांबून सांगते, कारण एका ताटलीत इतका इतिहास मावलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. १९३६, मंदीचा काळ. वेस्ट व्हर्जिनियातल्या होमर लाफलिन कंपनीत फ्रेडरिक ऱ्हेड नावाचा इंग्लंडहून आलेला कलाकार होता. त्याने साध्या, गोल कड्यांच्या ताटल्या-वाट्या काढल्या आणि त्यांना पाच भडक रंग दिले: लाल, गडद निळा, हिरवा, पिवळा आणि हस्तिदंती. अख्खा संच घ्यायची सक्ती नव्हती. आज एक निळी वाटी घ्या, पुढच्या महिन्यात एक पिवळी. रंग एकमेकांशी जुळलेच पाहिजेत ही अटच त्याने काढून टाकली, आणि तंगीतल्या घरांच्या टेबलावर रंगपंचमी आली.

त्यातला तो लाल, खरं तर शेंदरी, युरेनियम ऑक्साइडमधून यायचा. तेव्हा युरेनियमचा बाजारातला उपयोग मुख्यतः रंग म्हणूनच होता. १९४० च्या दशकात अणुबाँबचं काम सुरू झालं, सरकारने युरेनियम ताब्यात घेतलं आणि १९४३ पासून लाल फिएस्टा बंद झाली. कारण तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. १९५९ मध्ये निर्बंध उठल्यावर तो रंग परतला, या वेळी झिजवलेल्या, म्हणजे कमी किरणोत्सारी युरेनियममधून, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कायमचा गेला. जुन्या लाल ताटलीपाशी किरणोत्सार मोजणारं गायगर यंत्र धरलं तर आजही ते कडकडतं. शेल्फवर ठेवायला तिचा धोका नगण्य आहे, पण तिच्यात जेवू नये, आंबट पदार्थ तर मुळीच ठेवू नयेत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचाही सल्ला हाच आहे. जुन्या रंगीत भांड्यांत शिसंही असू शकतं, म्हणून मी हा नियम सगळ्याच जुन्या मालाला लावते: बघायचं, हाताळायचं, त्यात खायचं नाही.

दक्षिणेकडची तऱ्हा निराळी. न्यू ऑर्लिन्सच्या न्यूकम कॉलेजमध्ये १८९५ पासून मुली भांडी रंगवत. लटकत्या शेवाळाची ओकची झाडं, मागे चंद्र, सगळं निळ्या-हिरव्यात. पण चाकावर पुरुषच बसत, कारण ते काम बायकांचं नाही असा समज. त्यांतला एक जोसेफ मायर. त्याच्याच हाताखाली पूर्वी एक पोरगा चाक शिकून गेला होता, मिसिसिपीतल्या बिलॉक्सीचा जॉर्ज ओर.

ओर हा लोहाराचा मुलगा. मिशा एवढ्या लांब की काम करताना कानामागे खोचायचा. नदीतून स्वतः माती काढायचा आणि चाकावर अंड्याच्या कवचाइतकी पातळ भिंत ओढायचा. चाकावर काम करून बघितलेल्या कुणालाही विचारा, तेवढ्या पातळ भिंतीचं भांडं उभं राहतं हेच नवल. आणि ते उभं राहिल्यावर ओर ते मुठीत धरून पिरगाळायचा, चुरगाळायचा, चुण्या घालायचा. भांडं कोसळायचं नाही. दोन भांडी सारखी करायची नाहीत, हा त्याचा बाणा. १८९४ मध्ये गावातल्या आगीत त्याचं दुकान खाक झालं. जळकी भांडी त्याने टाकली नाहीत, ‘माझी भाजलेली बाळं’ म्हणून जपून ठेवली. लोक हसायचे, घ्यायचे नाहीत. त्यालाही सुटी सुटी विकायची नव्हती, देशाने सगळी एकगठ्ठा घ्यावीत असं त्याला वाटे. १९१० च्या सुमाराला त्याने चाक थांबवलं, हजारो भांडी खोक्यांत भरली आणि १९१८ मध्ये तो गेला.

मुलांनी त्या जागेत मोटारी दुरुस्त करायचं गॅरेज काढलं. खोकी मागे पडून राहिली, पन्नास वर्षं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस न्यू जर्सीचा जेम्स कारपेंटर हा जुन्या वस्तूंचा व्यापारी मोटारीचे जुने भाग शोधत तिथे आला आणि त्याला ही भांडी दाखवण्यात आली. पुढे वाटाघाटी करून त्याने जवळपास सगळा साठा घेतला. जॅस्पर जॉन्ससारखा चित्रकार ती भांडी जमवू लागला आणि आज बिलॉक्सीत फ्रँक गेरी यांनी आखलेल्या इमारतींत ओरच्या नावाचं संग्रहालय उभं आहे. जुन्या बाजारात धुळीने भरलेलं खोकं दिसलं की वाकून बघणाऱ्या प्रत्येकाच्या मनात ही गोष्ट असते.

फसवणुकीचं बोलायलाच हवं. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात चीनमधून रोझव्हिलच्या नकला मोठ्या प्रमाणात आल्या. अस्सल उत्तरकालीन रोझव्हिलच्या बुडाशी ‘रोझव्हिल यू.एस.ए.’ असं उठावात असतं, आणि या नकलांत बऱ्याचदा नुसतं ‘रोझव्हिल’. पण एवढ्यावर विसंबू नका. आधीच्या काही अस्सल नमुन्यांवर नुसता कागदी लेबल असायचा, तो कधीच गळून गेलेला असतो. मला एकदा ऑनलाइन घेतलेल्या फुलदाणीने चांगलंच शिकवलं. फोटोत सुरेख होती. हातात आल्यावर फुलांच्या कडा साबणाची वडी झिजावी तशा बोथट, रंग उग्र, वजनही विचित्र. साच्यावरून साचा काढला की उठाव असा विरतो. तेव्हापासून माझा हट्ट आहे की आधी दहा अस्सल भांडी हातात घ्यायची, मग पहिलं विकत घ्यायचं. दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत.

गुंतवणूक म्हणून यात पडू नये. इंटरनेटवर घरोघरचा माल बाहेर आला तसे मधल्या दर्जाच्या साच्यातल्या भांड्यांचे भाव उतरले. उंची आणि दुर्मीळ माल मात्र चढतच राहिला. नव्याने शिकणाऱ्याला ही खुशखबर आहे: एखादा छान पाइन कोन आज वीस वर्षांपूर्वीपेक्षा स्वस्तात मिळू शकतो.

आणि काही सह्यांपुढे भाव ही गोष्टच लहान होते. दक्षिण कॅरोलायनात एजफील्ड नावाचा भाग आहे. तिथे साधारण १८०१ मध्ये जन्मलेला डेव्ह नावाचा एक गुलाम मोठाल्या बरण्या घडवायचा, लाकडाच्या राखेच्या लेपाच्या, मांस आणि चरबी साठवायच्या. काही इतक्या मोठ्या की त्यांत दीडशे लिटर माल मावे. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं त्या राज्यात १८३४ च्या कायद्याने गुन्हा होता. डेव्ह लिहायचा. ओल्या मातीत काडीने तारीख, स्वतःचं नाव आणि कधी कधी जोडओळीची कविता. गुलामगिरी संपल्यावर तो डेव्हिड ड्रेक झाला. २०२१ मध्ये त्याची १८५८ सालची एक बरणी लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली.

१६ ऑगस्ट १८५७ ही तारीख असलेल्या एका बरणीवर त्याने लिहिलंय की माझी सगळी नातीगोती कुठे असतील कोण जाणे, आणि पुढच्या ओळीत, सगळ्यांना आणि प्रत्येक राष्ट्राला मैत्री. ही बरणी उलटी करावी लागत नाही. त्याने ते तिच्या खांद्यावर लिहिलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं.